डाव्या हाताची अक्षरं

सेव्हेरीन ट्राउनरच्या पोटात दुखायचं ते जेवण झाल्यावर नाही, दुसऱ्याचं कौतुक झाल्यावर. आणि त्या फेब्रुवारीत, व्हिएन्नात कार्निव्हलचे दिवस ऐन भरात असताना, त्याचं पोट सकाळ-संध्याकाळ दुखत होतं. कारण सगळ्या शहरात कौतुक एकाच माणसाचं चाललं होतं, आणि तो माणूस होता आलोइस हिम्मर.

तसं पाहिलं तर दोघंही नाटककार. पण ट्राउनरने चोपन्न वर्षांच्या आयुष्यात सहा नाटकं लिहिली, सगळी पाच अंकी, सगळी पद्यात, प्रत्येकात निदान एक राजा मरणारा. त्यांतली दोन रंगमंचावर आली. एक चार दिवस टिकलं आणि दुसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही. पोटापाण्यासाठी तो सरकारी मीठ-खात्यात कारकुनी करायचा. हिम्मर मात्र शहराच्या तटाबाहेरच्या थिएटरसाठी वर्षाला चार-चार प्रहसनं पाडायचा, त्यांत न्हावी असायचे, शिंपी असायचे, सासवा तर हमखास असायच्या, आणि लोक हसून हसून बाकावरून खाली घसरायचे.

इथपर्यंतही ट्राउनरने सहन केलं असतं. न्हाव्या-शिंप्यांचा हेवा करायला तो काही अगदीच हलका माणूस नव्हता, असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. खरं दुखणं वेगळंच होतं.

ट्राउनर नाटकात जितका जड, तितका चिठ्ठ्यांत हलका. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी तो स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसायचा आणि माणसांच्या स्वभावाबद्दल एक वाक्य लिहायचा. एकच. साखरेची ढेप ज्या निळ्या कागदात गुंडाळून येते, त्या कागदाच्या बोटभर पट्टीवर. आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून डाव्या हाताने. मग पट्टी बाहीत लपवून तो कॉफीहाऊसमध्ये जायचा. तिथे वर्तमानपत्रं वेताच्या चौकटींत अडकवून खुंटीला टांगलेली असत आणि दिवसभर या हातातून त्या हातात फिरत. आपला पेपर वाचून झाला की ट्राउनर पट्टी हळूच पानांत सरकवायचा, चौकट खुंटीवर टांगायचा आणि शेजारच्या टेबलावरचा बुद्धिबळाचा डाव बघण्यात अगदी गढून गेल्याचं सोंग करायचा.

एवढी चोरी कशाला? कारण त्या वर्षांत छापायचा प्रत्येक शब्द, रंगमंचावर बोलायचा प्रत्येक शब्द, पोलीस खात्यातले बडे अधिकारी, हॉफराट हा दरबारी किताब मिळालेले डोर्नाखसाहेब, यांच्या लाल पेन्सिलीखालून जायचा. आणि माणसांवर विनोद करणारा कारकून मीठ-खात्यात फार दिवस टिकत नसे. निनावी चिठ्ठीला मात्र लाल पेन्सिल पोचत नाही.

पहिली चिठ्ठी सापडली नोव्हेंबरात. तिच्यावर लिहिलं होतं, ‘मित्राच्या दुःखाला आपण धावत जातो. त्याच्या सुखालाही जातो, पण चालत, आणि जिन्यात दोनदा थांबून.’ संध्याकाळपर्यंत ते वाक्य धोबिणींच्या तोंडी होतं आणि दुसऱ्या दिवशी काउंटेस लोकांच्या. मग आली, ‘माझं चुकलं असं म्हणणारा माणूस “छे हो, काहीतरीच काय” हे ऐकायला थांबलेला असतो.’ शहराला वेडच लागलं. लोक पेपर उघडायचे ते बातम्यांसाठी नाही, निळ्या पट्टीसाठी. आणि पट्टी सापडली की सगळे एका सुरात म्हणायचे, हिम्मरचीच.

का? तर हसू आलं ना, मग हिम्मरचंच. व्हिएन्नात कुठेही हशा पिकला की लोक हिम्मरच्या घराकडे बोट दाखवायचे, तशी सवयच होती शहराला. आणि हिम्मर, तो गोबऱ्या गालांचा बोका, हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. कुणी विचारलं की नुसता हसायचा आणि वेस्टकोटचं खालचं बटण उगाच लावायचा. ते बटण ट्राउनरला रात्री स्वप्नात दिसायचं.

त्या सोमवारीही तसंच झालं. एका जाड्या व्यापाऱ्याच्या चौकटीतून पट्टी निघाली, त्याने ती मोठ्याने वाचली, आणि नेमका त्याच वेळी बुटांवरचा बर्फ झटकत हिम्मर आत आला. सगळं कॉफीहाऊस टाळ्या वाजवत उभं राहिलं. बिलियर्ड खेळणाऱ्यांनी काठ्या जमिनीवर ठोकल्या. हिम्मरने हॅट काढली, हसला, बटण लावलं. फक्त शेगडीजवळचा करड्या कोटातला माणूस उठला नाही. तो रोज एकच कॉफी घेऊन तीन तास बसायचा, आणि तो पोलिसांसाठी ऐकायला बसतो हे टेबलाखालच्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं.

थोरला वेटर वोइतेख कॉफी आणि पाण्याचा पेला घेऊन ट्राउनरपाशी आला. चष्मा लावणाऱ्या प्रत्येकाला वोइतेख डॉक्टरसाहेब म्हणायचा.

“डॉक्टरसाहेब, हिम्मरसाहेब म्हणजे काय डोकं आहे नाही? एवढ्याशा पट्टीत आख्खा माणूस बसवतात.”

“त्यांनी लिहिलंय कशावरून?” ट्राउनरने विचारलं. आवाज शक्य तितका सहज ठेवून.

“मग दुसरं कोण लिहिणार?” वोइतेखने एकदा सगळ्या टेबलांवरून नजर फिरवली, ट्राउनरच्या टेबलावरूनही, आणि ती कुठेच अडली नाही. “इथे बाकी सगळी सभ्य माणसं येतात, साहेब.”

घरी गेल्यावर ट्राउनरने सूपला हातही लावला नाही. त्याची थोरली बहीण क्रेसेन्त्सिया, जिला सगळी गल्ली झेन्झी म्हणायची, ती विधवा झाल्यापासून त्याचं घर सांभाळत होती. साखरेचा निळा कागद कुठे जातो हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तिने सूप परत भांड्यात ओतलं आणि कमरेवर हात ठेवले.

“आज किती टाळ्या?”

“ताई, उभे राहिले. सगळे. त्या निर्लज्जासाठी.”

“मग सांगून टाक, मी लिहितो म्हणून.”

“आणि नोकरी?”

“मग गप्प बस.”

“आणि तो?”

“तो तर काही बोलतच नाही ना, सेव्हेरीन. बोलत नाही तोच जिंकतो, बोलू बोलू म्हणून जळतोस तो तू.” तिने कार्निव्हलचे क्राप्फेन तळायला घेतले होते, जर्दाळूचा मुरंबा भरलेले. तिने एक त्याच्या पुढ्यात ठेवला. “हा खा. आत भरायला काहीतरी चांगलं मिळू दे तुझ्या पोटाला.”

त्याने खाल्ला. उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने जे वाक्य लिहिलं ते आधीच्या सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. हे त्याला लिहितानाच कळलं, आणि तेवढं एकच मिनिट त्याला हिम्मरची आठवण झाली नाही. ‘जो सगळ्यांना गप्प बसवतो, त्याला काही दिवसांनी वाटायला लागतं की सगळ्यांना आपलं म्हणणं पटलं.’

पट्टी सापडली तेव्हा कॉफीहाऊसमध्ये कुणी मोठ्याने हसलं नाही. लोकांनी ती एकमेकांना नुसती दाखवली, आणि हसू मिशांत ठेवलं. शेगडीजवळच्या माणसाने पहिल्यांदाच दुसरी कॉफी मागवली.

आणि रविवारी हिम्मरने घात केला. त्याच्या नव्या प्रहसनाच्या शेवटी टाळ्या थांबेनात, लोक ‘आणखी, आणखी’ ओरडायला लागले, तसा तो पडद्यापुढे आला, बटण लावलं, आणि ते वाक्य म्हणून टाकलं. सगळं. हळूहळू, मधे थांबत, जसं ट्राउनरला स्वतःला कधीच म्हणता आलं नसतं तसं. मंजूर प्रतीत नसलेलं एक अक्षर रंगमंचावर बोलणं म्हणजे गुन्हा, हे थिएटर झाडणाऱ्या बाईलाही ठाऊक होतं. सोमवारी सकाळी दोन शिपाई हिम्मरला घरून घेऊन गेले.

बातमी ऐकली तेव्हा ट्राउनरच्या पोटातलं दुखणं तीन महिन्यांत पहिल्यांदा थांबलं. पाव तास थांबलं होतं, अगदी घड्याळ लावून. तो कॉफीहाऊसमध्ये आपल्या जागी बसला, पाण्याचा घोट घेतला, आणि मनात म्हणाला, घे आता. चोरीचा माल गळ्यात घालून मिरवलास ना, घे.

मग त्याने आजूबाजूचं बोलणं ऐकलं. जाडा व्यापारी म्हणत होता की असं वाक्य लिहायला काळीज लागतं. बुद्धिबळवाला म्हातारा म्हणाला, हिम्मरला आजवर आपण नुसता विदूषक समजत होतो, पण हा माणूस म्हणजे व्हिएन्नाचं मन आहे. कुणीतरी म्हणालं की त्याचं चित्र कोरून घेऊन छापलं पाहिजे, खाली ते वाक्य घालून. शिंप्याच्या बायकोने म्हणे त्याच्यासाठी पोलीसठाण्यात उशी पाठवली होती, पिसांची. एका बॅरोनेसने अख्खं डुकराचं तंगडं.

ट्राउनरने पेला खाली ठेवला. टाळ्या चोरल्या, ते एक झालं. पण आता हा माणूस त्याच्या वाक्यासाठी तुरुंगातसुद्धा त्याच्या जागी जाऊन बसला होता. उद्या शंभर वर्षांनी लोक सांगतील की हे वाक्य हिम्मरने लिहिलं आणि त्यासाठी सोसलं. सोसलं! पिसांच्या उशीवर डोकं ठेवून!

नोकरी जाईल, हे त्याला आठवलं. डोर्नाखसाहेबांच्या कपाटात आपलं सातवं नाटक मंजुरीची वाट बघत पडलंय, हेही आठवलं. आणि हे सगळं आठवत असतानाच त्याच्या लक्षात आलं की आपण कोट घातलाय आणि रस्त्यावर चालतोय.

पोलीस खात्याच्या इमारतीत त्याला दोन तास थंडगार बाकावर बसवलं. मग आत बोलावलं. हॉफराट डोर्नाख सडपातळ, नीटनेटके गृहस्थ होते, नखं अगदी स्वच्छ. त्यांच्यासमोर खुर्चीत हिम्मर बसला होता, थोडा पिंजारलेला, पण बटण लावलेलं.

“ट्राउनर,” हॉफराट म्हणाले, “तुम्ही बाहेर शिपायाला काय सांगितलंत?”

“ते वाक्य माझं आहे, साहेब. सगळ्या चिठ्ठ्या माझ्या आहेत. यांचा काही संबंध नाही.”

हॉफराटनी हिम्मरकडे बघितलं. त्यांनी आधीच त्याला सांगून ठेवलं होतं की, नुसतं कुठेतरी वाचून म्हटलं असशील तर समज देऊन सोडतो, पण लिहिणारा तूच असशील तर चौदा दिवस आत. म्हणजे दार सताड उघडं होतं. हिम्मरने फक्त ‘हो, यांचंच आहे’ एवढं म्हणायचं आणि घरी जाऊन डुकराचं तंगडं खायचं.

हिम्मरने ट्राउनरकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, मिठाचे डाग पडलेल्या बाह्यांपर्यंत. ट्राउनर चिठ्ठ्यांचा मालक असू शकतो ही कल्पना त्याच्या चेहऱ्यावरून कशी चालत गेली ते ट्राउनरला दिसलं. आधी आश्चर्य, मग ओळख, आणि मग एक असं काही, जे ट्राउनर रोज सकाळी दाढी करताना आरशात बघायचा.

“साहेब, ट्राउनर भले गृहस्थ आहेत,” हिम्मर म्हणाला. “मला वाचवायला आलेत. पण वाक्य माझं आहे.”

“खोटं बोलतोय,” ट्राउनर म्हणाला.

“किती मोठं मन,” हिम्मर म्हणाला.

हॉफराट डोर्नाख पंचवीस वर्षं त्या खुर्चीत बसले होते. त्या खोलीत लोक यायचे ते ‘मी नाही, मी नाही’ म्हणत. गुन्हा माझा, माझा, म्हणून दोन प्रौढ माणसं भांडतायत असा प्रसंग त्यांच्यावर पहिल्यांदाच आला होता. त्यांनी खण उघडला. आत निळ्या पट्ट्यांचा गठ्ठा होता, तारखा घातलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. शेगडीजवळच्या माणसाने एकही सोडली नव्हती. ट्राउनरला क्षणभर गहिवरूनच आलं. इतकं नीट त्याचं लिखाण अजून कुणी जपलं नव्हतं.

“सोपं आहे,” हॉफराट म्हणाले. “दोघांनी लिहून दाखवा.”

ट्राउनरने डाव्या हातात लेखणी घेतली. आता बघा, रोज सकाळी चुलीजवळ, ताई पीठ मळत असताना, निवांत लिहिणं वेगळं. आणि दोन तास गारठलेल्या बोटांनी, तीन जोडी डोळ्यांसमोर लिहिणं वेगळं. लेखणी घसरू नये म्हणून त्याने एकेक अक्षर जपून काढलं, आणि डाव्या हाताची ती बेफाम वाकडी अक्षरं एकदम शहाण्यासारखी सरळ उभी राहिली. पहिलीतल्या मुलाच्या पाटीसारखी. त्याने पुन्हा प्रयत्न केला. आणखी सरळ आली.

हिम्मरने लेखणी घेतली, उजव्या हातात, आणि एका दमात ओळ लिहून टाकली. तिरपी, वाकडी, शेपट्या फरफटणारी. हुबेहूब. असणारच. तीन महिने सगळ्या शहरातल्या बायका आपापल्या वह्या घेऊन त्याच्याकडे येत होत्या, ‘ते पट्टीवरचं वाक्य लिहून द्या ना, त्याच अक्षरात’, आणि त्याने शंभर वह्यांत ती अक्षरं गिरवली होती. ट्राउनरचं अक्षर काढायची सवय ट्राउनरपेक्षा त्यालाच जास्त होती.

हॉफराटनी दोन्ही कागद खणातल्या पट्टीशेजारी धरले. मग ट्राउनरकडे फार प्रेमाने बघितलं.

“तुमची सहाही नाटकं मी वाचलीत, ट्राउनर. मन लावून. एकाही पानावर मला हसू आलं नाही. घरी जा. मित्रासाठी असं पुढे येणारी माणसं आजकाल कुठे दिसतात? मी खात्याला काही कळवणार नाही.”

ट्राउनरच्या अगदी ओठांवर आलं होतं की साहेब, हसू येण्यासारखं जे जे होतं ते तुमच्याच लाल पेन्सिलीने खोडलंय. पण शिपायाने तोवर दार उघडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कॉफीहाऊसमध्ये पाऊल टाकतो तर सगळे उभे. टाळ्या. बिलियर्डच्या काठ्या जमिनीवर. जाड्या व्यापाऱ्याने त्याला मिठी मारली आणि डोळे पुसले. शेगडीजवळच्या माणसाने सगळीकडे बातमी पोचवली होती, की मीठ-खात्यातल्या गरीब कारकुनाने हिम्मरचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घ्यायचा प्रयत्न केला. ऑफिसातही मुख्य कारकून खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तीस वर्षांत पहिल्यांदा.

“नाही हो,” ट्राउनर म्हणत राहिला. “ऐका तरी. वाक्य खरंच माझं आहे.”

“बघा,” बुद्धिबळवाला म्हातारा म्हणाला, “अजूनही.”

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी ट्राउनरने ठरवलं की पुरे. सकाळी निळी पट्टी घेतली, उजव्या हाताने, आपल्या सुबक कारकुनी अक्षरात वाक्य लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं, मीठ-खात्यातला हुद्दासुद्धा. आणि सगळ्यांच्या देखत उठून ती चौकटीत अडकवली. व्यापाऱ्याने ती वाचून दाखवली. ‘बदनामीचा खुलासा माणूस त्याच दिवशी करतो. खोट्या कौतुकाचा, सवडीने.’

सगळ्यांच्या माना ट्राउनरकडे वळल्या. आता कळलं, आता कळतंय.

मग व्यापारी पट्टी छातीशी धरून म्हणाला, “किती साधलंय. अगदी हिम्मरसारखं. पोलिसांचा संशय आपल्याकडे वळवायला माणसाने त्याची शैलीसुद्धा शिकून घेतली.”

पुन्हा टाळ्या. वोइतेखने कॉफी आणली, न मागता, आणि खाली वाकून पेला ठेवताना हळूच म्हणाला, “डाव्या हाताची जास्त बरी असायची, डॉक्टरसाहेब.”

ट्राउनरने मान वर केली. वोइतेख तोवर दुसऱ्या टेबलाकडे गेला होता.

रविवारी झेन्झीने डब्यात सहा क्राप्फेन भरले आणि डबा त्याच्या हातात दिला. त्याने विचारलं कुणासाठी. ती म्हणाली, कुणासाठी ते तुला माहीत आहे. सगळं शहर म्हणतं तो तुझा जिवलग मित्र आहे, मग मित्राला बघायला जायला नको का, लोक काय म्हणतील. आणि जाताना जिन्यात दोनदा थांबू नकोस.

हिम्मरची कोठडी वाटली होती त्यापेक्षा लहान होती. उशी होती, पण ओल लागून तिचा गोळा झाला होता. डुकराचं तंगडं पहारेकऱ्यांनी केव्हाच संपवलं होतं. हिम्मरचं ते खालचं बटण तुटून गेलं होतं, आणि त्याचा हात तरी सारखा तिथेच जात होता. ट्राउनरला हे सगळं बघून जितकं बरं वाटायला हवं होतं तितकं वाटेना.

हिम्मरने पहिला क्राप्फेन दोन घासांत खाल्ला. दुसऱ्याच्या मध्यात म्हणाला, “तुला टाळ्या देतात म्हणे. रोज.”

“देतात.”

“उभं राहून?”

“उभं राहून.”

“म्हणजे मी इथे ओलीत कुजतोय, आणि महात्मा तू.” हिम्मरने बोटावरचा मुरंबा चाटला. “व्यापाऱ्याने मिठी मारली, खरं का? मला कधी मारली नाही. मला नुसते हसतात. हसतात आणि घरी जातात. तुझ्यासाठी म्हणे रडले.”

“मग म्हणायचं होतंस ना, यांचं आहे. तेव्हाच सुटला असतास.”

हिम्मरने डबा ट्राउनरपुढे सरकवला, त्याला दोन खायला लावले आणि स्वतः तिसरा संपवला. मग म्हणाला, “अरे ट्राउनर, मी एकशे बारा प्रहसनं लिहिली. त्यातलं एकही वाक्य कुणाला लपवून ठेवावं लागलं नाही. डोर्नाख माझी प्रत दहा मिनिटांत मंजूर करतो, वाचतसुद्धा नाही. आणि तुझ्या पट्ट्या तो दोरा बांधून खणात ठेवतो. ते वाक्य मी पडद्यापुढे म्हटलं ना, तेव्हा थिएटर एक क्षण असं शांत झालं, तशी शांतता मला तीस वर्षांत मिळाली नव्हती. ती मी तुला परत द्यायची? त्याच्यापेक्षा चौदा दिवस परवडले.”

ट्राउनर त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. तीन महिने हा माणूस मजेत आहे असं समजून तो जळत होता. आणि हा तिकडे बसून निळ्या पट्ट्यांवर जळत होता, कोण लिहितो हे माहीत नसताना.

“नवीन आहे का एखादं?” हिम्मरने विचारलं. अगदी हळू, लहान मूल खाऊ मागतं तसं. “इथे पेपर येत नाही.”

खरं म्हणजे नवीन होतं. ते येताना वाटेतच सुचलं होतं. ट्राउनरने पाहुण्यासारखं थोडं अवघडून, घसा साफ करून ते सांगितलं. “हेवा करणाऱ्याइतकं टक लावून आपल्याकडे कुणीच बघत नाही. प्रेम करणारासुद्धा मधूनमधून डोळे मिटतो.”

आधी हिम्मरचे गाल थरथरले, मग पोट, आणि तो असा हसायला लागला की उशी खाली पडली. नाटकी नाही, बटण लावायचं नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ट्राउनरच्या वाक्यावर, ट्राउनरसमोर, ते ट्राउनरचं आहे हे माहीत असताना हसणारा तो पहिला माणूस होता. ट्राउनरच्या छातीत काहीतरी उबदार सांडलं, ताईच्या चुलीजवळ सकाळी असतं तसं. त्याला वाटलं, बस, एवढंच हवं होतं. एकच माणूस पुरे.

“काय झालं हसायला?” पहारेकरी दारातून डोकावला.

हिम्मर डोळे पुसत उठला. त्याने ते वाक्य पहारेकऱ्याला म्हणून दाखवलं. ‘कुणीच बघत नाही’पाशी तो थांबला, एक भुवई वर केली, पहारेकऱ्याला थोडं ताटकळत ठेवलं, आणि ‘मधूनमधून’ म्हणताना स्वतःचे डोळे असे हळूच मिटले की पहारेकरी किल्ल्यांसकट भिंतीवर रेलला आणि खो खो हसत सुटला. शेजारच्या कोठडीतूनही कुणीतरी हसलं.

ट्राउनरला कळून चुकलं की ते वाक्य त्याने स्वतः सांगितलं होतं त्यापेक्षा आता कितीतरी चांगलं झालं होतं.

“वा, हिम्मरसाहेब,” पहारेकरी म्हणाला, “तुमचं डोकं म्हणजे.”

“माझं नाही हो,” हिम्मर म्हणाला. यावेळी तो खरंच मनापासून म्हणत होता. “यांचं आहे. शप्पथ.”

पहारेकऱ्याने ट्राउनरकडे बघितलं, त्याच्या मिठाच्या बाह्यांकडे, चष्म्याकडे. मग समजूतदारपणे मान हलवली आणि हिम्मरला डोळा मारला. “दोघांची दोस्ती काय आहे, नाही? सगळं शहर सांगतं तशीच.”

आणि ट्राउनरच्या पोटात, जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरोबर खाली, जुन्या ठिकाणी, दुखायला लागलं.

डब्यात शेवटचा क्राप्फेन उरला होता. हिम्मरचा हात तिकडे वळलाच होता. ट्राउनरने तो आधी उचलला, उभ्यानेच खाल्ला, आणि बोटं नीट पुसून उद्या पुन्हा येतो म्हणाला.